शके ९७६ चा पाहुणा

शके ९७६ चा आषाढ सरत आला होता. इसवी सनाच्या हिशेबाने ती १०५४ च्या जुलैची ४ तारीख. चीन देशात तेव्हा सुंग घराण्याचे राज्य होते आणि राजाच्या पदरचे ज्योतिषी रोजच्या रिवाजाप्रमाणे पहाटेचे आकाश न्याहाळीत होते. पूर्वेस, वृषभ राशीच्या एका शिंगाच्या टोकाजवळ, जिथे आदल्या दिवसापर्यंत काहीच नव्हते तिथे एक लखलखीत तारा उभा असलेला त्यांनी पाहिला. त्यांनी दफ्तर उघडले, तिथी घातली आणि नोंद केली. नाव दिले 'पाहुणा तारा'. नाव मोठे समर्पक पडले. हा पाहुणा तेवीस दिवस भर दुपारीही शुक्रासारखा दिसत होता. पुढे दिवसा दिसेनासा झाला, तरी रात्री मात्र १०५६ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने, तो नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला. मग आला तसाच तो निघून गेला, आणि ज्योतिष्यांनी त्याच्या जाण्याचीही तिथी टिपून ठेवली.

आता जरा हिशेब करून पाहा. आषाढात आलेला आणि पुढच्या पुढच्या वर्षीच्या चैत्राच्या सुमारास गेलेला हा पाहुणा दोन दिवाळ्या राहिला. शके ९७६ ची एक आणि ९७७ ची दुसरी. दिवाळीच्या दिवसांत वृषभ रास रात्री नऊच्या आसपास पूर्वेस वर येते, आणि तेव्हाही ती साधारण त्याच वेळी येत असे. दिवाळी हा सण त्या काळी नव्हता, असेही कोणी म्हणू नये. अल्बेरुनीने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात दिवाळीचा उल्लेख आहे. तेव्हा अमावास्येच्या त्या काळोख्या रात्री, अंगणात पणती ठेवून मान वर करणाऱ्या आपल्या कोणा पूर्वजाला रोहिणीच्या शेजारी एक उपरा तारा दिसला असलाच पाहिजे. एकाला नव्हे, हजारोंना दिसला असेल. कोणी आजीने तो नातवंडांना बोटाने दाखवलाही असेल.

पण लिहून मात्र कोणी ठेवले नाही.

ही गोष्ट मनाला लागते, आणि ती लागावी असेच तिचे स्वरूप आहे. कारण तो काळ काही अडाणी नव्हता. आज ज्याला आपण सोलापूर जिल्हा म्हणतो तो नीरा-भीमेचा मुलूख त्या वेळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. गादीवर पहिला सोमेश्वर, आहवमल्ल म्हणून गाजलेला, बसला होता. त्याच सुमारास कोप्पमच्या लढाईत चोळांचा राजाधिराज रणात पडला. माळव्यात भोजराजाचे नाव दुमदुमत होते आणि त्याच्या नावावर असलेला 'राजमृगांक' हा ज्योतिषाचा करणग्रंथ शके ९६४ चा, म्हणजे पाहुणा येण्याच्या अवघी बारा वर्षे आधीचा आहे. याच कल्याणीच्या गादीवर पुढे पाऊणशे वर्षांनी आलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजनीतीपासून मासेमारीपर्यंत आणि हत्तींच्या परीक्षेपासून आजच्या इडलीची पूर्वज असलेल्या इड्डरिकेपर्यंत काय काय सापडते! ज्यांनी ताटातला पदार्थ लिहून ठेवला त्यांच्या मुलखात आकाशातला पाहुणा नोंदला गेला नाही.

असे का व्हावे? पहिले कारण कोणीही शेतकरी सांगेल. आषाढ-श्रावणाचे आकाश पाहायला मिळतेच कुठे? तारा सर्वांत तेजस्वी होता तेव्हा महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर पावसाळी ढगांचे छत असणार. तथापि हे कारण पुरते पटत नाही. आमचा माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला. अकलूजला तुकोबांची पालखी येते त्या दिवसांतही कित्येकदा ढग नुसतेच येतात-जातात आणि रात्री चांदण्या लख्ख दिसतात. शिवाय पाऊस संपल्यावरही तारा दीड वर्ष होताच की!

दुसरे कारण कालौघाचे. ताडपत्रे आणि भूर्जपत्रे किती जळाली, किती वाळवीने खाल्ली, याची मोजदाद नाही. लिहिले गेले असेल आणि नाहीसे झाले असेल, हे अशक्य नव्हे.

पण मला तिसरे कारण अधिक खरे वाटते. त्या काळचे शिलालेख आणि ताम्रपट पाहा. त्यांत सूर्यग्रहणे आहेत, चंद्रग्रहणे आहेत, संक्रांती आहेत. तिथी, वार, नक्षत्र सारे काही आहे. का आहे? तर त्या पर्वकाळी राजाने भूमिदान केले म्हणून. ग्रहणाला दान जोडलेले होते, आणि दानाला हक्क जोडलेला होता, म्हणून ग्रहण दगडावर चढले. नव्या ताऱ्याला कोणतेच दान जोडलेले नव्हते. आमचे ज्योतिषी गणिती होते. उद्या गुरू कुठे असेल हे ते आज सांगत, आणि तारे तर त्यांच्या लेखी जागचे न हलणारे. जे गणितात येत नाही त्याची खतावणी कुठल्या खात्यात करायची? चीनमध्ये याच्या उलट रीत होती. तेथे आकाशातील प्रत्येक अनपेक्षित गोष्ट म्हणजे राजाच्या कारभारावरील शेरा, अशी समजूत असल्यामुळे रात्रपाळीचे नोकरच नेमलेले असत. त्यांची समजूत खुळी होती, पण वही पक्की होती. आणि नऊशे वर्षांनंतर शास्त्राच्या उपयोगी पडली ती वही.

एवढ्याने आपण हात टेकावेत असे मात्र सर्वांना वाटले नाही. कोल्हापुरात जन्मलेले आपले विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि पुण्याच्या संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात या ताऱ्याचा काही माग लागतो काय, याचा शोध केला आणि त्याचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध केला. निःसंशय अशी नोंद हाती लागली नाही, आणि त्यांनी ते तसेच सांगितले. आपल्याकडे 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची उणीव नाही. एखादा संदिग्ध श्लोक ओढूनताणून ताऱ्याला चिकटवून टाळ्या मिळवणे त्यांना कठीण नव्हते. तसे न करता 'पाहिले, पण सापडले नाही' असे लिहिणे, हीही एक नोंदच आहे, आणि माझ्या मते फार मोलाची. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. मराठी वाचक त्यांना 'यक्षांची देणगी'चे लेखक म्हणून आठवतील. या लहानशा, हाती काही न लागलेल्या शोधासाठीही त्यांची आठवण ठेवावी, असे मला वाटते.

असो. पाहुणा गेला, पण घर मागे राहिले होते. १७३१ साली जॉन बेव्हिस या इंग्रज गृहस्थाला दुर्बिणीतून वृषभाच्या शिंगाशी एक पांढुरका डाग दिसला. १७५८ साली फ्रान्सच्या मेसिए याने तो स्वतंत्रपणे पाहिला आणि आपल्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॉस याने त्याचे चित्र काढले. त्यात त्याला खेकड्यासारखे पाय फुटलेले दिसले, म्हणून त्याचे नाव खेकडा तेजोमेघ पडले. पुढे जुनी-नवी छायाचित्रे ताडून पाहता हा मेघ पसरत चालला आहे असे ध्यानात आले. पसरण्याच्या वेगावरून उलटा हिशेब केला की आरंभ नऊशे-एक वर्षांपूर्वी जातो. १९२८ साली हबल याने, आणि १९४२ साली मेयॉल व ऊर्ट यांनी अधिक पुराव्यानिशी, तो धागा चिनी नोंदीशी जोडला. हा मेघ म्हणजेच १०५४ च्या पाहुण्याचे अवशेष! आपल्यापासून तो सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेव्हा हा जो स्फोट चिन्यांनी 'आज' म्हणून टिपला, तो प्रत्यक्षात त्याच्या साडेसहा हजार वर्षे आधीच घडून गेलेला होता. आकाशाची टपालगाडी अशी सावकाश चालते.

स्फोट कशाचा? येथे दिवाळीच्या दारूकामाचीच उपमा उपयोगी पडेल. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा आयुष्यभर आपले इंधन जाळीत राहतो. जाळून जाळून गाभ्यात लोखंड साठले की शेकोटी विझते, कारण लोखंड जाळून ऊब मिळत नाही. मग वरचा भार तोलून धरायला काही उरत नाही आणि गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाहेरची कवचे भुईनळ्यासारखी उसळून विखुरतात. हाच अतिनवतारा. आणि आत उरतो तो कोळसा नव्हे, तर भुईचक्र! अवघा वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा, म्हणजे अकलूजपासून माळशिरसच्या थोडा पलीकडे पोचेल एवढा गोळा, पण वजनाला सूर्याहून अधिक. त्यातले चमचाभर द्रव्य आणले तर त्याचे वजन शेकडो कोटी टन भरेल. याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. फुगडी घालणारी मुलगी हात आखडून घेते तशी अधिक गरगर फिरते, हे आपण पाहतोच. लाखो किलोमीटरचा तारा वीस किलोमीटरमध्ये आखडला तर तो किती वेगाने फिरेल, याची त्यावरून कल्पना करावी.

या विचाराच्या मुळाशी आपल्या मुंबईचाही एक धक्का आहे. १९३० च्या जुलैअखेर चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण मुंबई बंदरातून बोटीने विलायतेस निघाला. वाटेत त्याने गणित मांडले की सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जड असा विझलेला तारा आपल्या नेहमीच्या रूपात तग धरूच शकणार नाही. मग त्याचे होते काय? १९३४ साली बाडे व झ्विकी यांनी सांगितले की अतिनवताऱ्याच्या स्फोटात न्यूट्रॉनांचा तारा जन्मतो. ही कल्पना तेव्हा बहुतेकांना कादंबरीसारखी वाटली. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदावर ठरावीक अंतराने उमटणारे ठोके दिसले आणि पुढच्याच वर्षी खेकडा मेघाच्या पोटातही असाच ठोका सापडला. सेकंदाला तीस वेळा! मेलेल्या ताऱ्याची नाडी लागली होती. या ताऱ्यांना स्पंदक असे नाव मिळाले. चंद्रशेखरांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९९९ साली अवकाशात गेलेल्या अमेरिकन क्ष-किरण दुर्बिणीला 'चंद्रा' हे त्यांचेच नाव दिले गेले.

क्ष-किरणांचे नाव निघाले, की डॉक्टरांच्या काळ्या काचेची आठवण व्हायची. पण लाखो-कोटी अंश तापलेले द्रव्य आणि प्रचंड चुंबकक्षेत्रात गरगरणारे विद्युत्कण हेही क्ष-किरण फेकतात. अडचण अशी की ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. आपले वातावरण ते वाटेतच शोषून घेते, आणि तेच बरे, नाही तर आपण वाचलोच नसतो. म्हणून ते पाहायचे तर वर जावे लागते. १९६२ साली अमेरिकेत जियाकोनी व त्यांच्या सोबत्यांनी अग्निबाण उडवून सूर्याबाहेरचा पहिला क्ष-किरणस्रोत शोधला. १९६४ च्या जुलैत एक सुरेख योग आला. चंद्र खेकडा मेघाच्या पुढून जाणार होता. नेमक्या त्या मिनिटांना अग्निबाण वर पाठवण्यात आला. क्ष-किरण दिवा मालवल्यासारखे एकदम थांबले असते तर स्रोत बिंदुवत ठरला असता, पण ते हळूहळू मंदावले. म्हणजे सारा मेघच क्ष-किरणांनी उजळला होता. आणि १९६९ मध्ये, अग्निबाणातूनच, त्या मंद उजेडात दडलेला तो सेकंदाला तीस वेळा पडणारा ठोका क्ष-किरणांतही पकडला गेला.

आपल्याकडे अग्निबाणांची चैन परवडणारी नव्हती. पण होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला दुसरी विद्या अवगत होती. ती म्हणजे बलून. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी भाभांच्या काळापासूनच ही मंडळी मोठाले बलून आकाशात सोडत आली होती. १९६० नंतरच्या दशकात बी. व्ही. श्रीकांतन यांच्या पुढाकाराने त्याच बलूनांना क्ष-किरण मोजणारी यंत्रे टांगली गेली. हैदराबादहून पातळ प्लॅस्टिकचा अवाढव्य फुगा सुटे, तीस-चाळीस किलोमीटर वर जाई, काही तास आकाश मोजी, आणि मग यंत्रांची पेटी रंगीत हवाई छत्रीला लटकून कुठेतरी शेतात उतरे.

हे 'कुठेतरी' आपल्याही जवळचे आहे. संस्थेतर्फे उड्डाणांच्या आधी जी जाहीर सूचना निघते तीत बलून विशाखापट्टण-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास वाहत जाईल, असे सांगितलेले असते. पेटी सापडल्यास तिला हात लावू नये, उघडू नये, पोलिसांना किंवा टपालखात्याला कळवावे, आणि कळवणाऱ्यास योग्य बक्षीस मिळेल, असेही तीत असते. मला या सूचनेत मोठी गंमत वाटते. हजारो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यांची नोंद ज्या पेटीत बंद झाली आहे, ती ज्वारीच्या ताटांत पडलेली असते आणि तिचे पुढे काय होणार, हे रानात गेलेल्या एखाद्या शेतमजुराच्या प्रामाणिकपणावर ठरते! शास्त्र म्हणजे केवळ शास्त्रज्ञांचे काम, असे समजणाऱ्यांनी ही सूचना एकदा वाचावी.

बलूनांनंतर उपग्रह आले. १९७५ साली सुटलेल्या 'आर्यभट' या आपल्या पहिल्या उपग्रहावरही क्ष-किरणांचे यंत्र होते, पण वीजपुरवठा बिघडल्याने ते काही दिवसांतच बंद करावे लागले. त्यानंतर १९९६ साली दुसऱ्या एका उपग्रहावरून टाटा संस्थेची यंत्रे वर गेली. अखेर २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' सुटला. खास खगोलशास्त्रासाठी सोडलेला हा आपला पहिला उपग्रह. वजन सुमारे दीड टन, पृथ्वीपासून उंची ६५० किलोमीटर. त्यावरची तीन प्रमुख क्ष-किरण यंत्रे मुंबईच्या टाटा संस्थेत घडली, आणि पुण्याच्या 'आयुका'चा, म्हणजे १९८८ साली स्थापन झालेल्या व नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेचा, या कामात मोठा वाटा होता.

क्ष-किरणांसाठी आरसा करायचा म्हणजे काय, हे घरातल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. नेहमीच्या आरशात क्ष-किरण घुसून जातात, परततच नाहीत. पण नदीच्या पाण्यावर चपटा दगड अगदी तिरका फेकला तर तो बुडत नाही, टणाटण उड्या मारीत जातो. तसेच सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांवरून क्ष-किरण अगदी तिरके घसरवले तर ते वळतात. अशी पत्र्यांची वेटोळी एकात एक बसवून टाटा संस्थेने ती दुर्बीण केली. दुसरे यंत्र कॅडमियम, जस्त व टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे. २०१५ च्या ऑक्टोबरात ते सुरू झाले तेव्हा त्याने सर्वांत आधी डोळा उघडला तो शके ९७६ च्या त्या पाहुण्यावरच.

यात भावनेचा भाग नव्हता. क्ष-किरणांच्या दुनियेत खेकडा मेघ हे मापाचे वजन आहे. नवे यंत्र केले की ते आधी त्याच्यावर लावून पाहायचे, आणि इतर स्रोतांचे तेजही 'खेकड्याच्या इतका अंश' असे सांगायचे, ही जगभरची रीत. आणि येथेच एक मोठा धक्का बसला. २००८ पासूनच्या दोन वर्षांत या मेघाचे क्ष-किरणतेज सुमारे सात टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. एका यंत्राचा दोष म्हणावा तर चार वेगवेगळ्या उपग्रहांची साक्ष तीच! अडत्याच्या तराजूतले वजनच झिजत असल्याचे उघडकीस यावे, तशी ही अवस्था. बरे, आतला स्पंदक मात्र आपल्या ठरल्या चालीनेच चालला होता. तो रोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदाने मंदावतो, आणि त्या मंदावण्यातून सुटलेली शक्तीच सबंध मेघाला उजळते. म्हणजे दिवा तोच, वातही तीच, पण उजेड कमी-जास्त होतो. कुठेतरी भोवतालच्या चुंबकक्षेत्रात उलथापालथ होत असली पाहिजे.

ॲस्ट्रोसॅटने या कोड्याच्या एका बाजूवर प्रकाश टाकला. दोरीची दोन टोके दोघांनी धरून हलवली तर लाट वरखाली जाते किंवा आडवी जाते. किरणांच्या लाटेलाही अशी दिशा असते. ती कळली की किरण ज्या चुंबकक्षेत्रातून निघाला त्याची ठेवण कळते. दीड वर्षात मिळून सुमारे आठ लाख सेकंद खेकड्याकडे पाहून स्फटिकांच्या यंत्राने ही दिशा मोजली. २०१७ च्या अखेरीस अहमदाबाद, मुंबई, पुणे येथील शास्त्रज्ञांनी मिळून ते फळ प्रसिद्ध केले. स्पंदकाचा झोत आपल्याकडे वळलेला नसतो त्या दोन ठोक्यांमधल्या वेळातच ही दिशा झपाट्याने बदलते, असे त्यातून दिसले. प्रचलित सिद्धान्तांना हे अनपेक्षित होते. नाडीपरीक्षेत वैद्याला ठोक्यांपेक्षा मधल्या शांततेत रोग सापडावा, तसाच हा प्रकार.

पुण्याच्या उत्तरेस जुन्नर तालुक्यात खोडद नावाचे गाव आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून तेथे तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. एकेकीचा व्यास ४५ मीटर, आणि पसारा २५ किलोमीटरांचा. तारांच्या जाळीच्या या हलक्या थाळ्यांखाली आजही शेते पिकतात. आकाशात ढाल तारकासमूहात एका अतिनवताऱ्याचे अवशेष आहेत. ते क्ष-किरणांत इतके ओळखीचे, की चंद्रा दुर्बीण आपली यंत्रे त्यावर वारंवार तपासून घेत असे. मधोमध स्पंदक असणार अशी सर्वांची खात्री, पण क्ष-किरणांत ठोका काही मिळेना. २००५ साली यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो खोडदच्या थाळ्यांनी मिळवून दिला. सेकंदाला सोळा ठोके! हा अवशेष सुमारे हजार वर्षांचाच, म्हणजे त्याचाही उजेड चालुक्य-यादवांच्या काळात केव्हातरी पृथ्वीवर पोचला असावा.

स्पंदकांचा स्वभावही सगळ्यांचा सारखा नसतो. गरुड तारकासमूहाच्या बाजूस एका अवशेषाच्या पोटात २००० साली क्ष-किरणांनीच एक तरुण स्पंदक दाखवला. वय जेमतेम पाचशे वर्षे. सहा वर्षे तो शहाण्यासारखा ठोके देत होता, आणि २००६ साली अचानक भडकला. त्याचे तेज कित्येक पटींनी वाढले, क्ष-किरणांचे फटाके उडाले आणि चालही बिघडली. काही आठवड्यांत तो पुन्हा निवळला. २०२० च्या ऑगस्टात त्याने तोच खेळ पुन्हा केला. स्पंदक वेगळे आणि अतिप्रबळ चुंबकाचे भडकू तारे वेगळे, अशी जी जातवारी शास्त्रज्ञांनी लावली होती, तिला या एका पोराने सुरुंग लावला. २०१६ साली दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका स्पंदकानेही असाच उत्पात केला. आता असे वाटते की या दोन जाती नसून एकाच घराण्यातली शांत आणि तापट माणसे आहेत. पण हे कळले कशावरून? तर कोणीतरी वर्षानुवर्षे, काही घडत नसतानाही, त्यांच्याकडे पाहत होते आणि लिहून ठेवीत होते म्हणून.

या पोराच्या जन्माचा उजेडही पाचएकशे वर्षांपूर्वी येथे पोचला असेल, पण आकाशगंगेच्या धुळीने तो झाकला. त्याची नोंद जगात कोठेच नाही. शर्मिष्ठा तारकासमूहातील अवशेषाचेही तसेच. त्याचा स्फोट हिशेबाने १६७० ते १६८० च्या सुमारास दिसायला हवा होता, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे. युरोपात तेव्हा दुर्बिणी होत्या, तरी त्याची निर्विवाद नोंद तिथेही नाही. २०२४ च्या १ जानेवारीला सुटलेल्या आपल्या 'एक्स्पोसॅट'च्या एका यंत्राने पहिला वेध घेतला तो या शर्मिष्ठेच्या अवशेषाचाच.

जे दिसलेच नाही ते लिहिले नाही, याचा दोष कोणाला नाही. १०५४ चा पाहुणा मात्र दिसला होता. चीनमध्ये, जपानमध्ये तो नोंदला गेला. इब्न बुतलान नावाच्या बगदादच्या एका वैद्याने तर तो साथीच्या रोगाचे कारण म्हणून लिहून ठेवला. कारण चुकीचे, पण नोंद खरी! आमच्या मुलखातील माणसांचे डोळे काही अधू नव्हते. पाहिलेले लिहावे, न कळलेले तर आधी लिहावे, एवढी सवय नव्हती. आज मुंबईची यंत्रे, पुण्याचे गणित आणि खोडदच्या थाळ्या हे कर्ज फेडीत आहेत. पाच वर्षांच्या आयुष्याचा अंदाज बांधून पाठवलेल्या ॲस्ट्रोसॅटने २०२५ साली दहा वर्षे पुरी केली.

शाळेत मुलांना मी हे सांगतो तेव्हा हमखास प्रश्न येतो, "गुरुजी, मग आता असा तारा पुन्हा केव्हा येणार?" केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. आपल्या आकाशगंगेतला, उघड्या डोळ्यांनी सर्वांनी पाहिलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. चारशेहून अधिक वर्षे झाली. उद्याही येईल, आणखी शंभर वर्षे येणारही नाही.

म्हणून या दिवाळीत फटाके उडवून झाले आणि धूर निवला की, रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर जाऊन पूर्वेस पाहा. गावाबाहेर, उसाच्या फडांपलीकडे, कारखान्यांच्या दिव्यांची प्रभा पोचत नाही तिथे गेलात तर अधिक बरे. तांबूस रोहिणी दिसेल. तिच्या डावीकडे खालच्या अंगाला वृषभाची दोन शिंगे पसरलेली. त्यांतल्या मंद शिंगाच्या टोकाशी पाहुण्याचे घर आहे. साध्या डोळ्यांनी तिथे काही दिसणार नाही, पण तिथे या क्षणीही एक भुईचक्र सेकंदाला तीस वेळा फिरते आहे. मुलांना ती जागा दाखवा. आणि खाली आल्यावर हिशेबाच्या वहीत, वाणसामानाच्या यादीशेजारी का होईना, एक ओळ लिहायला लावा. तिथी, वेळ, आकाश स्वच्छ होते की ढगाळ, आणि काय दिसले. काही नवे दिसले नसेल तर तेही लिहू द्या.

पाहुणा तिथी सांगून येत नाही. त्याचे नाव घालायला उघडी वही मात्र घरात असावी.